मास्क नाल्यात गेला की त्याचं काय होतं?

प्रश्न : सर्जिकल मास्क कागदासारखा दिसतो, मग पाण्यात विरघळत का नाही? तो धुऊन पुन्हा वापरला तर कचरा कमी होईल ना?

उत्तर : त्यात कागद नसतोच. तिन्ही थर सहसा पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे प्लास्टिकचे. बाहेरच्या थरांचे तंतू साधारण 20 मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) जाडीचे, मधल्या गाळणीचे मात्र जेमतेम 1 ते 5. खरा उपद्रव त्यांचाच. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते ठिसूळ होतात आणि वाळू-लाटांच्या घर्षणाने तुटतात. 5 मिलिमीटरहून लहान प्लास्टिकला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. हे तुकडे त्याहून कितीतरी बारीक असू शकतात. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं (घनता सुमारे 0.9), म्हणून मास्क आधी तरंगतो, शेवाळ आणि गाळ चढला की बुडतो. तळाशी ऊन पोचत नाही, त्यामुळे झीज मंदावते, थांबत नाही.

धुण्याचा विचार सोडा. साबणाने मधल्या थरावरचा, बारीक कण ओढून धरणारा विद्युतभार जातो, गाळण्याची ताकद घटते, आणि सुटलेले तंतू मोरीतून गटारात जातात ते वेगळंच.

वापरलेल्या मास्कचे कानातले पट्टे कात्रीने कापा, नाहीतर पक्ष्यांचे पाय अडकतात. मास्कचे बारीक तुकडे मात्र करू नका. कोविडकाळात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितल्याप्रमाणे कागदी पिशवीत 72 तास ठेवून मग कचऱ्यात द्या. घरात संसर्गाचा रुग्ण असेल तर त्याचे मास्क वेगळ्या पिशवीत, तसं सांगूनच द्या. कमोडमध्ये टाकू नका, अंगणात जाळूही नका.