वाचकांचे प्रश्न : पाठ केलेले इंग्रजी शब्द टिकत का नाहीत?

प्रश्न : मी नाशिकला पंचवटीत राहते आणि बारावी कला शाखेत शिकते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते. पदवी प्रवेशासाठी सीयूईटी द्यायची आहे. तिच्यातील इंग्रजीच्या पेपरासाठी तीन हजार शब्दांची यादी मिळवून मी रोज ५० शब्द पाठ करते. परंतु आठवडा उलटला की त्यांतले सात-आठच आठवतात. परीक्षेला चार महिने आहेत. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?

उत्तर : तुमच्या स्मरणशक्तीत काहीही उणे नाही. एकमेकांशी संबंध नसलेले शब्द घोकले तर ते कोणाचेही झपाट्याने विसरले जातात; हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून हा वेग मोजला आणि १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हा यादी बाजूला ठेवा आणि शब्दांकडे कुटुंब म्हणून पाहा.

हे पाहणे तुम्हाला नवे नाही. 'हृ' या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार हे शब्द होतात, उपसर्ग बदलला की अर्थ बदलतो, हे तुम्ही व्याकरणात शिकला आहात. इंग्रजीत लॅटिनमधून आलेला 'जेक्ट' म्हणजे फेकणे. 'रिजेक्ट' म्हणजे मागे फेकणे, 'इजेक्ट' म्हणजे बाहेर फेकणे, 'इंजेक्शन' म्हणजे औषध आत सोडणे, आणि 'प्रोजेक्टर' चित्र पुढे पडद्यावर फेकतो. एवढे कळल्यावर 'डिजेक्टेड' हा अनोळखी शब्द समोर आला, तरी खाली टाकला गेलेला, म्हणजे खचलेला, खिन्न, असा अर्थ तुम्हालाच लावता येईल. मराठी माध्यमामुळे आपण मागे पडलो असे अनेक मुलींना वाटते. मला मात्र उपसर्ग-प्रत्ययांची ही सवय त्यांची मोठी शिदोरी वाटते.

अर्थात उपसर्गावर डोळे मिटून विसंबू नये. मनमाडजवळच्या पानेवाडीहून इंधन घेऊन निघणाऱ्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' असे लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. तिथला 'इन' नकाराचा नाही. त्या शब्दाचा अर्थ सहज पेट घेणारा असाच आहे.

दुसरी अडचण छटांची. 'फ्रुगल' आणि 'मायझरली' या दोन्ही शब्दांपुढे यादीत 'कमी खर्च करणारा' एवढेच लिहिलेले असते, आणि समानार्थी शब्दाच्या प्रश्नात नेमके तिथेच चुकते. त्यांच्यापुढे अनुक्रमे 'काटकसरी' आणि 'कंजूष' असे लिहिले, की आपल्या घरातली कोणती आजी पहिल्या शब्दाची आणि गल्लीतले कोणते काका दुसऱ्या शब्दाचे, हे लगेच डोळ्यांसमोर येते. म्हणून प्रत्येक शब्दाला नेमका मराठी प्रतिशब्द शोधा, मग त्यासाठी आईला विचारावे लागले तरी चालेल.

रोज दहाच शब्द घ्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापा. एका बाजूला तो शब्द गाळून इंग्रजी वाक्य लिहा आणि दुसऱ्या बाजूला शब्द व मराठी अर्थ. तुकडा उलटण्यापूर्वी शब्द आठवण्याचा प्रयत्न करणे महत्त्वाचे आहे, कारण नुसते पुन्हा वाचल्याने ओळख वाटते, पण शब्द हाती लागत नाही. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि पंधरवड्याने तोच तुकडा काढा. चुकला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. ही वाक्ये मनाने रचण्यापेक्षा वाचनातून घ्या. सार्वजनिक वाचनालयात, जे १८४० पासून आपल्या शहरात आहे, किंवा घराजवळच्या वाचनालयात जाऊन रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचा आणि त्यातले दोन-तीनच शब्द टिपा. पेपरात उताऱ्यांवरचे प्रश्नही असतात, त्यांची तयारी यातच होते.

गुणांचाही विचार करा. २०२५ पासूनच्या पद्धतीनुसार ५० प्रश्न ६० मिनिटांत सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला पाच गुण मिळतात आणि चुकीला एक वजा होतो. चारांपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर उरलेल्या दोहोंतून एक निवडण्यात सरासरी दोन गुणांचा लाभ आहे. त्यामुळे शब्दाचा नेमका अर्थ आठवला नाही, तरी तो स्तुतीचा की निंदेचा एवढे लक्षात असले, तर तो प्रश्न सोडू नका.