एकाच संकटात सापडलेल्यांना उद्देशून मराठीत कोणती म्हण वापरावी?

तुम्ही लिहिलंय की तुमची अख्खी टीम एकाच दिवशी कामावरून कमी झाली आणि त्या सोबत्यांना पाठवायला 'आपण सगळे एकाच नावेत'पेक्षा अस्सल काही हवंय. सगळीकडे चालेल अशी एकच म्हण मराठीत नाही. संकट कोणामुळे आलं, यावर म्हण बदलते.

'घरोघरी मातीच्या चुली' मात्र पाठवू नका. ती सासू-सुनेच्या कुरबुरींची, महिनाअखेरच्या ओढाताणीची म्हण आहे. ज्याची चूलच विझली त्याच्या मनाला ती लागते.

आम्ही बडोद्याचे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा आमचा तळमजला बुडाला. वर्षाचे गहू, गाद्या, फ्रिज, सगळं गेलं. नदीकाठी भराव घालून बांधकामं केली दुसऱ्यांनी, पाणी आलं आमच्या देवघरात. वरच्या मजल्यावरच्या गुजराती मासी म्हणाल्या, 'सूका भेगुं लीलुं बळे.' आई चमकलीच. आपलं 'सुक्याबरोबर ओलंही जळतं' ते हेच, शब्दाला शब्द. सुकं लाकूड पेटतं, त्याच्या आचेनं शेजारचं ओलंही वाळतं आणि जळतं. ओल्याचा दोष एवढाच की ते शेजारी होतं.

तुमच्या बाबतीत मात्र चूक वरच्यांची आणि नोकरी गेली खालच्यांची, असं दिसतंय. त्यासाठी आमच्याकडे गुजरातीत फार नेमकी म्हण आहे, 'पाडाना वांके पखालीने डाम'. पाडा म्हणजे रेडा. त्याच्या पाठीवर पाण्याची पखाल, म्हणजे कातडी पिशवी, लादून पाणी पुरवणारा तो पखाली. खोडी रेड्याची, तापल्या लोखंडाचा डाग पखाल्याला. मराठीत याच्या जवळ 'चोर सोडून संन्याशाला फाशी' येते, पण मला पखालीच जास्त पटतो. संन्याशाचा चोराशी काही संबंध नसतो. पखाली बिचारा त्या रेड्याच्याच जिवावर पोट भरत असतो.

'दुष्काळात तेरावा महिना' हीसुद्धा मुळात सगळ्या गावाची म्हण. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास घालावा लागतो. बारा महिनेही न पुरणारं धान्य तेरा महिने कसं पुरवायचं, ही चिंता प्रत्येक घराची. नोकरी गेली आणि वर घराचा हप्ता वाढला, तर हीच म्हणा.

एका म्हणीशी मात्र माझं पटत नाही. 'उघड्यापाशी नागडं गेलं, रात्रभर हिवानं मेलं.' दोघंही कफल्लक, कोण कोणाला पांघरूण घालणार? पण त्या रात्री मासींकडे कोरडी जमीन होती आणि पाणी नव्हतं. वीज गेल्यामुळे मोटार बंद, टाकी रिकामी. आमच्याकडे पाणी शिरण्याआधी भरून ठेवलेले पिण्याच्या पाण्याचे दोन हंडे होते. बाबांनी ते जिन्यावरून वर नेले. दोन रात्री आम्ही नऊ माणसं त्यांच्या बाहेरच्या खोलीत झोपलो आणि तेच पाणी जपून प्यायलो.

तुमच्या सोबत्यांना मी असती तर म्हण पाठवलीच नसती. 'आपण समदुःखी आहोत, कोणाकडे काय आहे ते सांगा,' एवढंच लिहिलं असतं. कोणाच्या ओळखी असतील, कोणाकडे जुना लॅपटॉप असेल.