राज्यपाल चुकले असं सर्वोच्च न्यायालयच म्हणालं, मग ठाकरे सरकार परत का आलं नाही?

राजीनाम्यामुळे. बहुमत चाचणी 30 जून 2022 ला व्हायची होती. उद्धव ठाकरेंनी आदल्या रात्रीच पद सोडलं आणि चाचणी झालीच नाही.

11 मे 2023 च्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं, की चाचणी बोलावण्याइतकं ठोस काही राज्यपालांसमोर नव्हतं. पक्षातली धुसफूस मिटवणं हे राज्यपालांचं काम नाही. पण न्यायालय चुकीचा आदेश रद्द करू शकतं. आपणहून दिलेला राजीनामा कसा रद्द करणार? खुर्ची रिकामी झाल्यावर सर्वांत मोठा पक्ष असलेल्या भाजपच्या पाठिंब्यावर एकनाथ शिंदेंना सरकार बनवायला बोलावण्यात मग काही गैर ठरलं नाही.

यावर अरुणाचलचा दाखला हमखास दिला जातो. 2016 मध्ये नबाम तुकींचं सरकार न्यायालयाने परत आणलं होतं, खरंय. पण तुकींनी त्याआधी राजीनामा दिलेला नव्हता. (परत आलेलं ते सरकार काही दिवसांतच गेलं, हे वेगळं.)

माझ्या मते ठाकरेंच्या बाजूची ही सर्वांत महागात पडलेली खेळी. सभागृहात हरले असते, तरी निदान त्या चाचणीलाच आव्हान देता आलं असतं.

आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय न्यायालयाने विधानसभा अध्यक्षांवर सोपवला. राहुल नार्वेकरांनी 10 जानेवारी 2024 ला शिवसेनेच्या ठाकरे आणि शिंदे या दोन्ही गटांतल्या कुणालाच अपात्र ठरवलं नाही. न्यायालयाच्या निकालाच्या दिवशी मात्र टीव्हीवर दोन्ही बाजू आपणच जिंकलो म्हणून सांगत होत्या!