बागेच्या आरक्षित जागेवर नगरपालिका ठराव करून व्यापारी गाळे बांधू शकते का? (सातारा)

नुसत्या ठरावावर नाही. विकास योजनेत (शहरातली कुठली जागा कशासाठी, हे ठरवणारा आराखडा) बाग म्हणून आरक्षण असेल तर आधी ते बदलावं लागतं, त्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 37 आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव ही फक्त पहिली पायरी. नंतर राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात सूचना, हरकतींसाठी एक महिना, सुनावणी, मग प्रस्ताव शासनाकडे, मंजुरी तिथूनच. नकाशे मंजुरीची कामं करत असल्यामुळे सांगतो, लोक नगरसेवकाच्या दारात चकरा मारतात आणि हरकतीचा तो महिना हातचा घालवतात. पेपरातली ती बारीक टायपातली सूचनाच खरी महत्त्वाची. हरकत लेखी द्या, आवक शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा.

त्याआधी नगररचना विभागातून सर्व्हे नंबर देऊन झोन दाखला (जागा कुठल्या वापरासाठी आहे त्याचा दाखला) आणि भाग नकाशा (विकास योजनेच्या नकाशातला तेवढा भाग) काढा. कॉलनीत सगळे ज्याला ‘बाग’ म्हणतात ती बऱ्याचदा मंजूर लेआउटमधली (प्लॉट पाडण्याच्या नकाशातली) खुली जागा असते. तिला आरक्षणाचे नाही, लेआउटचे नियम लागतात, आणि तिथे प्लॉटधारकांचं म्हणणं जास्त वजनदार ठरतं.

मात्र जागा अजून खासगी मालकाचीच असेल तर वेगळा प्रश्न आहे: योजना लागू होऊन 10 वर्षांत संपादन झालं नाही, तर मालक त्याच अधिनियमाच्या कलम 127 खाली खरेदी सूचना (‘जागा संपादन करा’ अशी पालिकेला नोटीस) देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत की आरक्षणच रद्द होतं.