प्रोस्टेट कॅन्सरच्या बायोप्सी रिपोर्टमधला ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती आक्रमक दिसतो याचा आकडा) ३+४=७ आणि ४+३=७ यांत फरक असतो का? वडिलांचा रिपोर्ट पहिला, काकांचा दुसरा.

हो, फरक आहे, आणि तुमच्या वडिलांचा ३+४ हा त्यातल्या त्यात सौम्य. पुण्यात पॅथॉलॉजिस्ट म्हणून अशा स्लाइड्स रोज पाहते, म्हणून सांगते: पहिला आकडा सर्वांत जास्त भाग व्यापणाऱ्या पॅटर्नचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या कॅन्सरच्या रचनेचा असतो. पॅटर्न ३ मध्ये कॅन्सरच्या पेशींनी बनलेल्या छोट्या ग्रंथी सुट्या, गोलसर, प्रत्येकीत पोकळी स्पष्ट दिसते. ४ मध्ये त्या एकमेकींत मिसळतात किंवा चाळणीसारख्या भोकाभोकांच्या होतात. ५ मध्ये ग्रंथी बनतच नाहीत, पेशी एकेकट्या पसरतात. म्हणून ३+४ म्हणजे ग्रेड ग्रुप २ आणि ४+३ म्हणजे ग्रुप ३ (१ सर्वांत सौम्य, ५ सर्वांत आक्रमक). हे पाच ग्रुप २०१४ पासून आले, कारण बेरीज दोन्हीकडे ७ दिसली तरी पुढची वाटचाल वेगळी असते. वीस हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या अभ्यासात पाच वर्षांनंतरही पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं, तपासणीत मोजलं जाणारं प्रथिन) पुन्हा न वाढलेल्या रुग्णांचं प्रमाण असं होतं:

ग्रुप १: ९६%
ग्रुप २: ८८%
ग्रुप ३: ६३%
ग्रुप ४: ४८%
ग्रुप ५: २६%

हे आकडे पीएसए वाढण्याचे आहेत, मृत्यूचे नाहीत; कृपया घाबरू नका. मात्र बायोप्सीत प्रोस्टेटचे मोजकेच तुकडे येतात, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर ग्रेड बदलू शकते, आणि उपचार ठरवताना पीएसए व स्टेज (कॅन्सर किती पसरला आहे) हेही पाहतात. शंका असेल तर लॅबमधून स्लाइड्स आणि ब्लॉक (मेणात जपलेले बायोप्सीचे तुकडे) मागून घ्या आणि युरोपॅथॉलॉजी, म्हणजे प्रोस्टेट व मूत्रमार्गाचे नमुने तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून दुसरं मत घ्या. रिपोर्टमध्ये पॅटर्न ४ किती टक्के आहे आणि तो ‘क्रिब्रिफॉर्म’ (वर सांगितलेला चाळणीसारखा) आहे का, हेही जरूर विचारा.