‘हो आणि नाही’ म्हणजे काय समजायचं?

प्रश्न : माझी मुलगी पोलंडमध्ये शिकते. तिची रूममेट युक्रेनची आहे. ‘घरची खुशाली कळली का?’ असं विचारलं की ती इंग्रजीत ‘येस अँड नो’ म्हणते आणि गप्प होते. दोन्ही एकदम कसं खरं असेल? की ही टाळाटाळ? – एक वाचक, सातारा

उत्तर : टाळाटाळ मुळीच समजू नका. तिच्या भाषेतही ‘ई ताक, ई नी’ असंच म्हणतात. असं उत्तर ऐकून आपण बोलणारीला वेडी ठरवत नाही, ‘हो’ कशापुरतं आणि ‘नाही’ कशापुरतं हे शोधायला लागतो. कदाचित आईचा फोन आला असेल, भावाचा नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ मध्ये हार्वर्डच्या व्याख्यानांत हेच मांडलं : समोरचा आपल्याला काही कळावं म्हणूनच बोलतोय हे आपण धरून चालतो, म्हणून शब्द जुळेनासे झाले की न बोललेला अर्थ शोधतो. मुलीला सांगा, घाई न करता विचार, ‘हो काय आणि नाही काय?’

सगळेच विरोध असे बोलके नसतात. इंग्रजी ‘टेरिबली नाइस’ किंवा युक्रेनी बाईचं ‘स्त्राशेन्नो रादा’ (शब्दशः ‘भयंकर आनंदी’) यांतली भीती केव्हाच झिजली, आपल्या ‘भयंकर आवडलं’सारखी.

मला मोलाचा वाटतो तो विरोध युक्रेनी कवयित्री लेस्या उक्राइन्काच्या कवितेतला. लहानपणापासून हाडांच्या क्षयाने पिडलेल्या या मुलीने १८९० मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ‘कॉन्त्रा स्पेम स्पेरो’ (आशेविरुद्ध आशा करते) असं लॅटिन नाव देऊन ती लिहिली. त्यात ओळ आहे : ‘बेझ नादीयी ताकी स्पोदिवातिस’. आशा नसताना, तरीही आशा करायची. इथे ग्राइसची वाटणी लावून पाहा. ‘डॉक्टरांना आशा नाही, मला आहे’ असा अर्थ काढलात तर ओळ मेलीच! आशा तिलाच नाही, आणि आशा करणारीही तीच. सगळा भार ‘ताकी’वर, म्हणजे आपल्या ‘तरीही’वर आहे. तो काढला तर उरते नुसती विसंगती. तो असला की निर्धार ऐकू येतो.

इंग्रजीत ‘होपिंग अगेन्स्ट होप’ आहे, बायबलमधल्या रोमकरांस पत्रातून आलेलं. पण ते वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालंय की मॅचच्या दिवशी पाऊस थांबावा म्हणूनही लोक तेच म्हणतात.