बिल विदर्स सोल गायक की फोक? आणि त्याची गाणी इतकी सोपी असूनही वाजवताना का फसतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: बिल विदर्स या अमेरिकी गायक-गीतकाराला कुठल्या प्रकारात धरायचं, आणि ‘लीन ऑन मी’सारखं चार कॉर्डचं (एकत्र वाजवायच्या स्वरगटांचं) गाणं तुमच्या बँडकडून बेचव का होतं. माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकच आहे. या माणसाची कला काय घातलं यात कमी आणि काय वगळलं यात जास्त आहे.

‘सोल’ (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं, गॉस्पेलमधून आलेलं भावपूर्ण गाणं) हा शिक्का रेकॉर्डच्या दुकानातल्या खणापुरता ठीक आहे. विदर्सचा जन्म १९३८ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क या कोळसा खाणीच्या गावातला. तिथे चर्चमधलं गॉस्पेल (भक्तिगीतं) आणि रेडिओवरचं कंट्री (अमेरिकी ग्रामीण संगीत) शेजारीशेजारीच कानावर पडायचं. पुढे नऊ वर्षं नौदल, १९६७ मध्ये लॉस एंजेलिस, मग विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी. तिथे तो संडासाच्या सीट तयार करत असे. पहिला अल्बम ‘जस्ट अॅज आय अॅम’ १९७१ मध्ये आला तेव्हा वय बत्तिशीच्या पुढे. मुखपृष्ठावर हातात जेवणाचा डबा आहे, तो फोटो कारखान्यातल्या मधल्या सुट्टीतला.

हे वय महत्त्वाचं. वीस वर्षांच्या पोराला कंपनी जसा घडवते तसा हा घडवून घेणारा नव्हता. गिटार तो जेमतेम वाजवायचा, त्यामुळे गाणी हाताला येतील त्या दोन-चार कॉर्डवर बेतली गेली, म्हणजे बांधणी फोक गायकाची, एका गिटारवर साधी गाणी म्हणणाऱ्याची. वर आवाज गॉस्पेलचा, शब्द ब्लूजसारखे बोलीतले, आणि मागे निर्माता बुकर टी. जोन्सने आणलेले मेम्फिसचे लोक: बेसवर डक डन, ड्रम्सवर अल जॅक्सन. गिटारवर रॉकवाला स्टीफन स्टिल्स. मिश्रण झालं ते असं. ठरवून केलेलं फ्यूजन वगैरे काही नाही.

‘एन्ट नो सनशाइन’ घ्या. दोन मिनिटांचं गाणं, धड ध्रुवपद नाही. मधे ‘आय नो’ हे दोन शब्द २६ वेळा येतात. तिथे खरं तर तो आणखी ओळी लिहिणार होता, स्टुडिओतल्या अनुभवी मंडळींनी ‘असंच राहू दे’ म्हटलं आणि त्याने ऐकलं. गिटारवर ए मायनर, ओळीच्या शेवटी ई मायनर–जी–ए मायनर अशी उडी. बँड इथे दोन चुका करतात: सगळीकडे सतत स्ट्रमिंग (सगळ्या तारांवर हात फिरवत राहणं), आणि ‘आय नो’च्या जागी सगळ्यांनी मिळून धुमाकूळ. उलट करा. तिथे साथ मागे घ्या, ड्रमरने फक्त लय धरावी, कारण त्या जागेचा सगळा ताण एकट्या पडलेल्या आवाजात आहे.

‘लीन ऑन मी’ (१९७२, अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर) त्याने इलेक्ट्रिक पियानोवर बोटं वर-खाली सरकवत बांधलं. पेटीवर पांढरी एक धरा: सा सा रे ग म, म ग रे सा, सा रे ग ग रे. झाली पहिली ओळ, काळ्या पट्टीला हातही लागत नाही. कॉर्डही चालीबरोबरच पायरीपायरीने चढतात-उतरतात: सी, डी मायनर, ई मायनर, एफ. फसतं कुठे? कीबोर्डवाल्याला हे फार बाळबोध वाटतं, तो सेव्हन्थ आणि नाइन्थ (कॉर्डमध्ये जोडलेले जादा स्वर) घालून सजवायला जातो आणि ती पायरीची चाल बुजते. गायकाने मुरक्या घेतल्या की तेच. हे गाणं समूहाला गाता यावं म्हणूनच सरळ आहे.

‘यूज मी’मध्ये तर मुख्य भाग ई मायनर सेव्हन आणि ए सेव्हन या दोनच कॉर्डवर फिरतो. वजन सगळं लयीत. क्लॅव्हिनेट या विजेवरच्या कीबोर्डचा तो रिफ (पुन्हापुन्हा येणारा तुकडा), आणि ड्रमर जेम्स गॅडसनचं हाय-हॅट (पायाने मिटायची झांजांची जोडी). लय मिनिटाला ७७ बीट्सच्या आसपास ठेवा. नव्वदीला नेलीत की सोळा मात्रांच्या बारीक ठोक्यांना जागा उरत नाही, झुलणं जाऊन पळापळ सुरू होते. गॅडसन, बेसवाला मेल्विन डनलॅप, कीबोर्डवरचा रे जॅक्सन आणि गिटारवरचा बेनॉर्स ब्लॅकमन हे आधीपासून एकत्र वाजवणारे लोक होते. ‘स्टिल बिल’ हा अल्बम (१९७२) इतका घट्ट वाटतो त्याचं कारण हेच.

‘लव्हली डे’च्या (१९७७) शेवटचा १८ सेकंदांचा स्वर सगळ्यांना करून बघायचा असतो. गाण्याच्या लयीत ते साधारण सात बार (चार-चार ठोक्यांची आवर्तनं) होतात. जोर लावलात तर बाराव्या सेकंदाला दम संपेल. आवाज मध्यम ठेवा, कंप देऊ नका. खालचे कॉर्ड बदलत राहतात आणि वरचा स्वर तंबोऱ्याच्या षड्जासारखा जागचा हलत नाही, मजा त्यात आहे.

कारकीर्द एवढ्यात का संपली, तर ससेक्स ही त्याची छोटी रेकॉर्ड कंपनी १९७५ मध्ये बुडाली आणि तो कोलंबियाकडे गेला. तिथे सूचना देणारे फार. एल्विस प्रेस्लीचं गाणं गा असंही सुचवलं गेलं, हे तो पुढे चिडून सांगत असे. १९७८ नंतर त्याचा स्वतःचा अल्बम थेट १९८५ मध्ये आला, तो शेवटचा. मधल्या काळातलं सगळ्यात मोठं यश, ‘जस्ट द टू ऑफ अस’, हे सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियरच्या अल्बमवरचं, दुसऱ्या कंपनीचं! ८५ नंतर त्याने पुनरागमनाचा खटाटोप केला नाही. २०१५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्टीव्ही वंडरने त्याचं स्वागत केलं, मार्च २०२० मध्ये तो गेला.

संकलनांच्या नादी लागू नका, त्यांत सगळी गाणी एका पातळीची वाटतात. ऑक्टोबर १९७२ मधली कार्नेगी हॉलची मैफल आधी ऐका, बँडला तर ऐकवाच. त्यातल्या ‘ग्रँडमाज हँड्स’ची सुरुवातीची गुणगुण ओळखीची वाटली तर नवल नाही. १९९६ मध्ये ब्लॅकस्ट्रीट या गायकांच्या गटाने ‘नो डिगिटी’ या गाण्यात मूळ रेकॉर्डवरून उचलली ती हीच.